युरोपातल्या राजघराण्यांच्या सोयरिकी: राज्यांच्या कामी आल्या का?

तहनामा (धागालेखक)

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ब्रिटनचा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा दुसरा विल्हेल्म आणि रशियाचा दुसरा निकोलस हे तिघे 'कझिन' होते, तरी लढले. कझिन या एका शब्दाखाली सगळं झाकलं जातं. मराठीत नाती सांगून पाहा. विल्हेल्मची आई व्हिकी ही जॉर्जची आत्या, म्हणून हे दोघे आते-मामेभाऊ. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डागमार या डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघे मावसभाऊ. विल्हेल्म आणि निकोलस मात्र एकमेकांचे आते-मामे-मावस-चुलत काहीच नव्हते. त्यांचं रक्ताचं नातं शोधायला प्रशियाच्या तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मपर्यंत मागे जावं लागतं. तो एकाचा पणजोबा, दुसऱ्याचा खापरपणजोबा. जवळचं नातं आलं ते लग्नाने: निकोलसची बायको अलिक्स ही विल्हेल्मची मावसबहीण.

इतकं बारकाईने सांगायचं कारण असं की या सोयरिकी ठरवताना कुणाचं कोण, हे फार काटेकोरपणे पाहिलं जात होतं, आणि एवढा काटेकोरपणा करूनही राज्यकारभाराचं साधन म्हणून त्या निकामी ठरल्या, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात विचारपूर्वक जुळवलेलं लग्न घ्या. २५ जानेवारी १८५८ रोजी ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया हिची थोरली मुलगी व्हिकी प्रशियाच्या, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बलाढ्य राज्याच्या, फ्रीडरिखला दिली. मुलगी १७ वर्षांची. संसदेने हुंड्यापोटी ४०,००० पौंड आणि वर्षाला ८,००० पौंडांची नेमणूक मंजूर केली. व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा, आल्बर्टचा हिशेब असा होता की उदारमतवादी प्रशिया जर्मनी एक करेल आणि तो जर्मनी ब्रिटनचा मित्र राहील. त्यासाठी फ्रीडरिखला वेळेत गादी मिळणं एवढीच अट होती. पण त्याचे वडील नव्वदी गाठून १८८८ मध्ये वारले, आणि फ्रीडरिख गादीवर आला तेव्हा त्याला घशाचा कर्करोग झालेला होता. त्याने राज्य केलं ९९ दिवस. मधली २६ वर्षं पंतप्रधान बिस्मार्कची होती.

आता युद्धं. १८६४: ब्रिटनच्या युवराजाचं अलेक्झांड्राशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तिच्या वडिलांच्या डेन्मार्कवर हल्ला केला. युवराजाचा मेहुणा फ्रीडरिख प्रशियन सेनापतीच्या मुख्यालयात होता. डेन्मार्कने श्लेसविग, होलश्टाइन आणि लाउएनबुर्ग गमावलं. ब्रिटन तटस्थ राहिला. १८६६, प्रशिया विरुद्ध ऑस्ट्रिया: व्हिकीचा नवरा प्रशियाच्या दुसऱ्या सैन्याचा सेनापती, तर तिची बहीण अॅलिस हिचा नवरा हेसे या जर्मन राज्याकडून ऑस्ट्रियाच्या बाजूने रणात. ३ जुलैला क्योनिगग्रेट्सची लढाई झाली आणि ५ जुलैला विंडसरला तिसऱ्या बहिणीचं, हेलेनाचं लग्न लागलं.

१८७८ तर पाहाच. १८७४ मध्ये राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेडने झारची हयात असलेली एकुलती एक मुलगी केली. चारच वर्षांनी झारचं सैन्य तुर्कांच्या राजधानीच्या, कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर होतं आणि ते थोपवायला मार्मारा समुद्रात शिरलेल्या ब्रिटिश आरमारातल्या 'सुलतान' या युद्धनौकेचा कप्तान होता हाच जावई.

या लग्नांमुळे टळलेलं एक तरी युद्ध कुणी दाखवावं.

मायनकाठ

धागालेखकाचे तपशील बरोबर आहेत, पण माप चुकीचं आहे. या सोयरिकी युद्ध टाळण्यासाठी केल्याच नव्हत्या. घराणं टिकावं यासाठी केल्या होत्या. हरल्यावर किती गमवायचं, हे ठरताना नात्याचं वजन पडत होतं.

१८६६ चाच निकाल नीट वाचा. ऑस्ट्रियाच्या बाजूने लढलेली उत्तरेकडची राज्यं प्रशियाने सरळ गिळली: हॅनोवर, हेसे-कासेल, नासाउ, शिवाय फ्रँकफुर्ट शहर. अॅलिसच्या सासरचं हेसे-डार्मश्टाटही त्याच बाजूने लढलं होतं. ते उरलं. दंड भरावा लागला, होमबुर्ग गेलं, पण राज्य राहिलं. कारण झार दुसऱ्या अलेक्झांडरची राणी मारिया ही डार्मश्टाटच्या ग्रँड ड्यूकची सख्खी बहीण. व्युर्टेम्बर्गची राणी ओल्गा ही झारची बहीण. तेही उरलं. प्रशियाला त्या घडीला रशियाला दुखवणं परवडणारं नव्हतं आणि बिस्मार्कला ते पक्कं ठाऊक होतं.

तहनामा

मायनकाठ, हॅनोवरचं काय? तिथला आंधळा राजा पाचवा जॉर्ज हा व्हिक्टोरियाचा सख्खा चुलतभाऊ. नात्याचं वजन पडत असतं तर हॅनोवर आधी वाचायला हवं होतं.

डार्मश्टाट वाचलं ते नकाशामुळे. तिसऱ्या नेपोलियनच्या मध्यस्थीने प्रशियाची हद्द मायन नदीपर्यंत, असं ठरलं होतं. व्युर्टेम्बर्ग, बाडेन आणि बव्हेरिया नदीच्या दक्षिणेला. बाडेन किंवा बव्हेरियात काही झारची बहीण राणी नव्हती, तरी ती राज्यंही उरली. हॅनोवर आणि कासेल उत्तरेला होती, आणि प्रशियाच्या पूर्व-पश्चिम मुलखांच्या अगदी मधे. ती गेली.

मायनकाठ

मायनची रेषा डार्मश्टाटच्या मधून जाते. राज्याचा उत्तरेकडचा भाग, ओबरहेसेन, नदीच्या पलीकडे आहे. नुसता नकाशाच निर्णायक असता तर नासाउ गेलं तसा तो तुकडाही गेला असता. तो प्रशियाच्या पुढाकाराखालच्या उत्तर जर्मन संघात घातला गेला, पण ग्रँड ड्यूककडेच राहिला. हा अर्धा-अर्धा मामला नात्याशिवाय कसा समजावून सांगणार?

हॅनोवरबद्दल बोलायचं तर चुलतभावाचं नातं होतं हे खरं, पण व्हिक्टोरियाला तिथे हात घालता येत नव्हता. तिचा परराष्ट्रमंत्री संसदेला बांधलेला होता. झार कुणाला बांधलेला नव्हता. नात्याचा उपयोग व्हायला पलीकडचा नातेवाईक स्वतःच्या हुकमाने सैन्य हलवू शकणारा असावा लागतो. म्हणून मुलगी लंडनला देण्यापेक्षा पीटर्सबर्गला देण्यात लहान घराण्यांचा फायदा जास्त होता. हेसेने ते ओळखलं होतं आणि पुन्हा पुन्हा मुली तिकडे दिल्या. शेवटची अलिक्स, १८९४ मध्ये.

उत्तरसमुद्र

मायनकाठशी सहमत. डेन्मार्कचं उदाहरण आणखी ठळक आहे. नववा क्रिस्टियन मुळात एका धाकट्या पातीचा, बेताच्या मिळकतीचा. कोपनहेगनच्या ज्या 'पिवळ्या महालात' त्याचा संसार होता, तो राजधानीतल्या एखाद्या मोठ्या वाड्याइतकाच. त्याच्या मुली आपले कपडे आपण शिवत. १८६३ या एका वर्षात काय घडलं पाहा. १० मार्चला मुलगी अलेक्झांड्रा ब्रिटनच्या युवराजाला दिली. ३० मार्चला ग्रीसच्या विधिमंडळाने १७ वर्षांचा मुलगा विल्हेल्म याला 'जॉर्ज' या नावाने राजा निवडलं. नोव्हेंबरमध्ये बाप स्वतः डेन्मार्कच्या गादीवर बसला. म्हणजे मुलगा बापाआधी राजा झाला. १८६६ मध्ये डागमार रशियाला दिली, तीही आधी ज्याच्याशी ठरलं होतं तो झारचा थोरला मुलगा नीसला वारल्यावर त्याच्या पाठच्या भावाला.

या घराण्याकडे सैन्य नव्हतं, पैसा नव्हता. नाती होती. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा त्यांनी क्रिस्टियनचा नातू कार्ल निवडला. त्याची बायको मॉड ही ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड (वर आलेला ब्रिटनचा युवराज) याची मुलगी. ब्रिटन पाठीशी राहील हा हिशेब त्यात उघड होता. कार्लने आधी जनमत घ्यायला लावलं: २,५९,५६३ विरुद्ध ६९,२६४. ते घराणं आजही गादीवर आहे.

तहनामा

ग्रीसचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. ग्रीकांना मुळात राणीचा मुलगा आल्फ्रेड हवा होता. १८६२ च्या मतदानात सुमारे २,४१,००० पैकी २,३०,००० मतं त्याला पडली. पण ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या तीन संरक्षक देशांच्या राजघराण्यातला माणूस त्या गादीवर बसू नये, असा करार होता. तो अडथळा ठरला. म्हणजे तहाचा कागद नात्यावर भारी पडला. मग तिघांनाही चालेल असा निरुपद्रवी मुलगा शोधला गेला. सोबत ब्रिटनने आयोनियन बेटं देऊ केली. ग्रीकांनी मुलाबरोबर बेटंही स्वीकारली.

आणि १८९७ चं ग्रीस-तुर्कस्तान युद्ध? ग्रीसच्या युवराजाची बायको सोफी ही विल्हेल्मची सख्खी बहीण, आणि तोच युवराज थेसालीत सैन्य घेऊन उभा. पलीकडचं तुर्की सैन्य जर्मन अधिकाऱ्यांनी घडवलेलं, आणि विल्हेल्म उघडपणे तुर्कांच्या बाजूने. त्याआधी सोफीने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला म्हणून याच भावाने तिला जर्मनीत यायला बंदी केली होती.

उत्तरसमुद्र

१८९७ अर्ध्यावर सोडू नका. ग्रीस सपशेल हरला, तरी क्रीट तुर्कांच्या हातून सुटलं. १८९८ च्या डिसेंबरात महासत्तांच्या वतीने तिथे उच्चायुक्त म्हणून कोण गेला? ग्रीसच्या राजाचा मुलगा प्रिन्स जॉर्ज. त्याचं नाव रशियाने लावून धरलं. हा जॉर्ज निकोलसचा मामेभाऊ. शिवाय १८९१ मध्ये जपानात ओत्सू इथे एका पोलिसाने निकोलसवर तलवार चालवली, तेव्हा हातातल्या काठीने त्या हल्लेखोराला हाणणारा हाच. हरलेल्या देशाच्या राजपुत्राला वादातला मुलूख सांभाळायला मिळाला, हे नात्याशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही.

सखूबाईंचापणतू

चर्चा चांगली चाललीय, पण मुख्य तोटा कुणी बोलत नाहीये. आपापसात लग्नं करून करून रक्त बिघडलं. व्हिक्टोरियाने मामेभावाशी लग्न केलं आणि घराण्यात हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) आला. रशियाच्या युवराजापर्यंत तो पोचला. हे सगळं जवळच्या नात्यातल्या लग्नांचं फळ.

पेशीकेंद्र

हा समज पुसायला हवा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिमोफिलियाचा सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. बापाकडून वाय येतो. त्यामुळे मुलगा आजारी होईल की नाही, हे एकट्या आईवर ठरतं. बाप तिचा मामेभाऊ असो की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा, काही फरक पडत नाही. आई वाहक (स्वतः निरोगी, पण दोष पुढे देणारी) असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी. आल्बर्टला हिमोफिलिया नव्हता, म्हणजे त्याच्या एक्सवर हा दोष नव्हताच. व्हिक्टोरियाच्या आधीच्या पिढ्यांतही हा आजार दिसत नाही. दोष नव्याने उद्भवला, बहुधा तिच्या वडिलांच्या बीजपेशीत. ती जन्मली तेव्हा ते ५१ वर्षांचे होते.

एक घर जवळून पाहू. अॅलिसची मुलगी इरेन हिने १८८८ मध्ये व्हिकीच्या मुलाशी, हाइनरिखशी लग्न केलं. सख्खी मावस भावंडं. त्यांच्या तीन मुलांपैकी वाल्डेमार आणि धाकटा हाइनरिख या दोघांना हिमोफिलिया. धाकटा १९०४ मध्ये चार वर्षांचा असताना गेला. हे पाहून कुणीही म्हणेल, 'बघा, नात्यातलं लग्न!' पण इरेनची बहीण अलिक्स हिचा नवरा निकोलस हा तिचा इतका जवळचा नातेवाईक नव्हता, तरी त्यांचा मुलगा अलेक्सेई आजारीच. स्पेनचा तेरावा आल्फोन्सो हा आपल्या बायकोचा, म्हणजे राणीची मुलगी बीट्रिस हिच्या मुलीचा, जवळचा कुणी नव्हता, तरी त्यांच्या दोन मुलांना आजार. दोन्हीकडे समान गोष्ट एकच: आई वाहक.

उलट बाजूही पाहा. राणीचा मुलगा लिओपोल्ड स्वतः आजारी होता. १८८४ मध्ये कानला पडल्यानंतर गेला. त्याची मुलगी वाहक असणारच, कारण बापाचा एकमेव एक्स तिला मिळाला. तिच्या मुलाला आजार झाला. लिओपोल्डच्या मुलाला मात्र काहीच नाही, त्याला बापाचा वाय मिळाला. सातवा एडवर्ड निरोगी, म्हणून त्याच्यामार्फत आजच्या ब्रिटिश राजघराण्यात हा दोष येऊच शकत नाही. २००९ मध्ये रोमानोव्ह कुटुंबाच्या अस्थींच्या तपासणीतून तो हिमोफिलिया 'बी' असल्याचंही कळलं. रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकातला बिघाड.

जवळच्या लग्नाने वाढतात ते वेगळ्या प्रकारचे आजार, ज्यात आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. त्याचं उदाहरण हवं तर व्हिएन्नाला जा. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या लिओपोल्डने नेपल्सच्या राजाची बहीण केली, नेपल्सच्या राजाने लिओपोल्डची बहीण केली. आपण ज्याला साटंलोटं म्हणतो, अगदी तेच. मग एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचं लग्न लावलं. दोघं एकमेकांची आते भावंडंही आणि मामे भावंडंही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात अमुक एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६ असते. इथे ती १/८ झाली. त्यांचा थोरला मुलगा सम्राट फर्डिनांड: मेंदूत पाणी साचलेलं, आकडी येणारी. १८३५ ते १८४८ ऑस्ट्रियाचा कारभार त्याच्या नावाने इतरांनी केला.

सखूबाईंचापणतू

हा फरक खरंच माहीत नव्हता. माझं विधान मागे घेतो. एक विचारायचं होतं, त्यांच्यात आपल्यासारखं 'हे चालतं, ते चालत नाही' असं काही होतं का?

जुनेदप्तर

होतं, पण पंथागणिक वेगळं. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा करत नाहीत, आणि मावसबहीण तर बहीणच. त्यांच्यात दिशेचा प्रश्न नव्हता. आल्बर्टने आत्याची मुलगी केली. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ जोसेफने १८५४ मध्ये सख्खी मावसबहीण एलिझाबेथ केली. कॅथलिक असल्याने पोपची खास परवानगी घ्यावी लागली, आणि ती मिळत असे. प्रोटेस्टंटांना तीही लागत नसे. रशियन चर्चमध्ये मात्र सख्ख्या आते-मामे-मावस-चुलत भावंडांचं लग्न निषिद्ध.

व्हिक्टोरिया मेलिटा नावाच्या राणीच्या एकाच नातीवर यातले दोन नियम येऊन आदळले. आल्फ्रेडची मुलगी. १८९४ मध्ये आजीच्या आग्रहाने आतेभावाशी, हेसेच्या अर्न्स्टशी लग्न. चर्चला हरकत नव्हती. १९०१ मध्ये घटस्फोट. १९०५ मध्ये मामेभावाशी, रशियाच्या किरिलशी लग्न. आता मात्र नातं निषिद्ध, बाई घटस्फोटित, झारची परवानगी नाही. निकोलसने किरिलचे हुद्दे काढून घेतले आणि त्याला देशाबाहेर घालवलं. पहिलं लग्न जितक्या थाटात लागलं तितकंच दुसरं गुपचूप, बव्हेरियातल्या टेगर्नझेला.

आता मूळ वादाबद्दल. निवड मुळात किती लहान होती, हे कुणी मोजलेलं दिसत नाही. ब्रिटनच्या १७०१ च्या कायद्याने कॅथलिकाशी लग्न केलं की वारसाहक्क गेला. म्हणजे ऑस्ट्रिया, बव्हेरिया, सॅक्सनीचे राजे, स्पेन, पोर्तुगाल, इटली, बेल्जियम सगळे बाद. ऑर्थोडॉक्स चालत, कारण कायद्यात त्यांचं नाव नव्हतं. १७७२ च्या कायद्याने दुसऱ्या जॉर्जच्या वंशजांना लग्नाला राजाची संमती हवी. २५ वय उलटलं तर प्रिव्ही कौन्सिलला (राजाच्या सल्लागार मंडळाला) कळवून १२ महिने थांबायचं. त्यात जर्मन घराण्यांची समकुलीनतेची अट. बरोबरीची मुलगी कोणती, हे गोठा शहरात छापल्या जाणाऱ्या पंचांगवजा वंशावळ-ग्रंथात पाहायचं. त्याचे भागच दर्जाप्रमाणे पाडलेले. बरोबरीची नसेल तर 'मॉर्गनॅटिक' लग्न: बायको कायदेशीर, मुलं औरस, पण बापाची पदवी आणि गादी नाही. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडला सोफी खोटेकसाठी २८ जून १९०० रोजी तसं शपथेवर लिहून द्यावं लागलं. १४ वर्षांनी नेमक्या त्याच तारखेला सारायेव्होत दोघांना गोळ्या लागल्या.

एवढी गाळणी लावल्यावर उरतात प्रशिया, हेसे, डेन्मार्क आणि दोन-तीन डझन लहान जर्मन घरं. म्हणून धोरण आखून ही लग्नं होत होती, हे तहनामांचं गृहीतकच मला मान्य नाही. धोरण नंतर चिकटवलं जायचं. डेन्मार्कच्या अलेक्झांड्राचंच पाहा: श्लेसविगचं भांडण डोळ्यांसमोर असताना ही मुलगी गैरसोयीची आहे, हे राणीला कळत होतं. पण युवराजाजोगती दुसरी देखणी प्रोटेस्टंट राजकन्या यादीत नव्हती. १८६१ च्या सप्टेंबरात श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये 'सहज' भेट घडवली, ती कुणी? प्रशियाची सून व्हिकीने.

मग अलेक्झांड्राला सासरी काय काय सहन करावं लागलं ते नात्यांतूनच दिसतं. नणंद हेलेनाचा नवरा हा श्लेसविग-होलश्टाइनवर हक्क सांगणाऱ्या ड्यूकचा भाऊ. धाकटा दीर आर्थरची बायको लुइझं मार्गारेट, म्हणजे सख्खी जाऊ, ही प्रशियाच्या फ्रीडरिख कार्लची मुलगी. १८ एप्रिल १८६४ रोजी ड्युपेलची डॅनिश तटबंदी फोडणारा तोच. (आर्थर म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, मुंबई इलाख्याच्या सैन्याचा प्रमुख. १८८८ मध्ये पुण्यात ज्याच्यासमोर जोतिराव फुले शेतकऱ्याच्या वेशात उभे राहून बोलले, तो हाच.)

तहनामा

जुनेदप्तर, 'धोरण नंतर चिकटवलं' हे मान्य केलं तर माझाच मुद्दा पक्का होतो. पण चिकटवलेलं धोरणही नुकसान करू शकतं. १८४६ चं स्पेन घ्या, कारण तिथे लग्न हाच वाद होता.

राणी दुसऱ्या इसाबेलाला नवरा हवा होता. फ्रान्सचा लुई फिलिप आपला मुलगा मोंपांसिए पुढे करत होता, पण राणीसाठी नाही, तिच्या बहिणीसाठी. नॉर्मंडीतल्या ओ इथल्या गढीत ब्रिटनशी तोंडी ठरलं: आधी इसाबेलाचं लग्न होऊन तिला मूलबाळ होऊ दे, मग धाकटीचं. त्यानंतर पामर्स्टन ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला आणि त्याच्या खलित्यात उमेदवारांमध्ये कोबुर्गच्या, म्हणजे आल्बर्टच्या घराण्यातल्या, एका राजपुत्राचं नाव आलं. फ्रान्सने तेवढं निमित्त धरलं. १० ऑक्टोबर १८४६ रोजी माद्रिदला दोन्ही बहिणींची लग्नं एकाच दिवशी लावली. इसाबेलाला दिला फ्रान्सिस्को. तिचा चुलतभाऊही आणि मावसभाऊही, कारण दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या होत्या, आणि त्या बहिणी त्या भावांच्या भाच्याच होत्या. त्याच्याकडून मूल होणार नाही आणि गादी मोंपांसिएच्या वंशाकडे जाईल, असा फ्रान्सचा डाव असल्याचं लंडनमध्ये मानलं गेलं.

ब्रिटन-फ्रान्सची मैत्री तिथे तुटली. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रियाने क्राकूव्ह हे स्वतंत्र पोलिश शहर खालसा केलं तेव्हा दोघांनी वेगवेगळा, म्हणून निरर्थक, निषेध नोंदवला. आणि बेल्जियमचा लिओपोल्ड, व्हिक्टोरियाचा सख्खा मामा, लुई फिलिपचा सख्खा जावई, दोन्हीकडे इतका वजनदार माणूस, त्यालाही हे थांबवता आलं नाही. यापेक्षा भक्कम नातं कुठून आणायचं?

मायनकाठ

१८४८ च्या फेब्रुवारीत लुई फिलिपची गादी गेली. तो पळाला कुठे? इंग्लंडला. राहिला कुठे? क्लेअरमाँटला, जे लिओपोल्डच्या ताब्यातलं घर होतं. दोन वर्षांपूर्वी ज्याने फसवलं म्हणून व्हिक्टोरिया चिडली होती, त्याला तिने आसरा दिला. मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं ते हेच: हरल्यावर नातं कामाला येतं.

तहनामा

मग १९१७ सांगा. निकोलसने गादी सोडल्यावर ब्रिटिश सरकारने आधी आसरा देऊ केला. तो मागे घ्यायला लावणारा मंत्री नव्हता, खुद्द पाचवा जॉर्ज होता. मावसभाऊ, चेहऱ्यामोहऱ्याने जुळा वाटावा असा. त्याच्या सचिवाने परराष्ट्रमंत्र्याला पत्रांवर पत्रं लिहिली. कालपर्यंत झार असलेला माणूस घरात घेणं स्वतःच्या गादीला धोक्याचं वाटलं.

आणि १९१४ मध्ये नात्याने प्रत्यक्ष घात केला. २६ जुलैला विल्हेल्मचा भाऊ हाइनरिख, वर पेशीकेंद्र यांनी सांगितलेला तोच, बकिंगहॅमला मामेभाऊ जॉर्जला भेटला. ब्रिटन यातून बाहेर राहण्याचा प्रयत्न करील, असं जॉर्ज म्हणाल्याचं त्याने बर्लिनला कळवलं. विल्हेल्मने तो राजाचा शब्द मानला. राजाच्या शब्दाला मंत्रिमंडळाच्या निर्णयाचं वजन नसतं, हे ५० वर्षांत त्याला उमगलं नव्हतं. घरच्या गप्पा राजनैतिक आश्वासन समजल्या गेल्या.

उत्तरसमुद्र

१९१४ चा दुसरा धागा तुम्ही सोडलात. २९ जुलैच्या रात्री निकोलसने सर्वंकष सैन्यभरतीचा हुकूम दिलेला होता. विल्हेल्मची तार आली, इंग्रजीत, खाली सही 'विली'. ती वाचून निकोलसने हुकूम मागे घेतला. मंत्री आणि सेनापती दोघेही नको म्हणत असताना. तुम्ही सुरुवातीला विचारलंत ना, नात्याने काय थांबवलं? हे थांबवलं.

तहनामा

किती वेळ? दुसऱ्या दिवशी, ३० जुलैला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह समोर बसून बोलला आणि हुकूम पुन्हा निघाला. एक दिवससुद्धा नाही. १९०५ मध्ये ब्यॉर्क्यो इथे दोघांनी जहाजावर परस्पर तह केला होता, तोही असाच मेला. रशियाचा फ्रान्सशी करार आधीच झालेला होता. हा तह त्याच्याशी जुळत नाही, हे घरी परतल्यावर मंत्र्यांनी निकोलसला दाखवलं. इकडे जर्मन चॅन्सलरने राजीनामा पुढे केला.

जुनेदप्तर

एक दिवस नाही, पण जवळजवळ एक दिवस. १९१४ च्या वेळापत्रकात ते कमी नव्हतं. रेल्वेने सैन्य हलवण्याच्या योजना तासातासांच्या हिशेबाने आखलेल्या होत्या. म्हणून तर रशियन सेनापती इतके कासावीस झाले.

आणि व्हिक्टोरिया राणीने स्वतः काय केलं, तेही पाहू. १८७१ मध्ये आपली मुलगी लुइझं हिच्यासाठी तिने परदेशी राजपुत्र घ्यायचा नाकारला आणि मुलगी एका स्कॉटिश ड्यूकच्या मुलाला दिली. युवराजाने विरोध केला. तिचं म्हणणं असं की परदेशी सोयरिकींनी घरात फक्त भांडणं आली. १८६४ आणि १८६६ नंतर जेवणाच्या टेबलावर त्या विषयांना तिने बंदी घातली होती. या बाबतीत ती तहनामांच्या बाजूची. पण १८९४ पर्यंत नातवंडांची लग्नं ती पुन्हा जुळवत होतीच.

मायनकाठ

१९१७ चं उत्तर देतो. मावसभावाला आसरा नाकारला, खरं आहे, आणि ते क्षम्य नाही. पण एप्रिल १९१९ मध्ये क्रिमियात अडकलेल्या डागमारला आणायला याच जॉर्जने 'मार्लबरो' ही युद्धनौका याल्टाला धाडली. ती आपल्या माणसांना सोडून निघायला तयार नव्हती; बरोबरच्यांनाही घ्या, तरच चढेन, असं तिने सांगितलं आणि ते मान्य झालं. लंडनला बहीण अलेक्झांड्रा वाट पाहत होती. १८६३ आणि १८६६ मध्ये कोपनहेगनमधून दोन दिशांना गेलेल्या या दोन मुली. जॉर्जसाठी ती रशियाची माजी सम्राज्ञी नव्हती, मावशी होती.